ऐकलें, समजलें आणि करतों

तुमसरचें नांव निघालें कीं नागपुराकडील माणसाला प्रथम तांदूळ आठवतो, आणि मग मँगनीज. वैनगंगेच्या खोऱ्यांतील धान येथील बाजारांत उतरतें, आणि तालुक्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून निघालेला काळा दगड आगगाडीनें दूरदेशीं जातो. जमिनीवर पिकणाऱ्या आणि जमिनीखालून निघणाऱ्या या दोन वस्तूंनीं गांवाला लौकिक मिळवून दिला. परंतु या गांवाला एक तिसरा शेजारहि आहे, आणि तो डोक्यावर आहे. नागपुराहून कलकत्त्यापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती भंडारा जिल्ह्यावरून, तुमसरच्या दक्षिणेस थोड्याच कोसांवरून जाते. १९४९ च्या जानेवारींत रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली, तेव्हां मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून निघालेलीं विमानें मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास सोनेगांवच्या तळावर एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची व उतारूंची अदलाबदल करीत आणि सकाळपर्यंत आपापल्या ठिकाणीं परतत. खालीं गांवें झोंपलेलीं असत. वर अंधारांत एक माणूस नागपुरांतील दुसऱ्या माणसाशीं मोजक्या शब्दांत बोलत असे. ते शब्द कोठून आले, आणि तेच कां आले, याचा थोडासा इतिहास वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा इतिहास केवळ यंत्रविद्येचा असता तर साहित्याच्या मासिकांत त्याला जागा मागण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु वैमानिकांची बोली ही अशी एक विरळा बोली आहे, कीं तिच्यांतील बहुतेक शब्द कोणी तरी विचारपूर्वक निवडलेले आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळांच्या मागें एखादा गैरसमज, तर कांहींच्या मागें शेंकडों माणसांचे प्राण आहेत. शब्दाला एकच अर्थ असावा हें कोशकाराला इष्ट वाटतें. वैमानिकाला तें जगण्यासाठीं आवश्यक असतें.

शब्दावर वाहतूक सोपविण्याची कल्पना तुमसरला नवी नव्हती. विमानांच्या पूर्वीं कित्येक वर्षें बंगाल-नागपूर रेल्वेनें हा प्रदेश जोडलेला होता, आणि तुमसर रोड स्थानकापासून तिरोडीच्या खाणींकडे फांटाहि फुटला होता. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊं नयेत म्हणून रेल्वेनें ‘लाइन क्लिअर’ची पद्धति घातली. पुढील स्थानकानें वाट मोकळी असल्याचें तारेनें कळविल्याशिवाय मागील स्थानकानें गाडी सोडावयाची नाहीं, हा तिचा नियम. पण रेल्वेनें नुसत्या शब्दावर विश्वास टाकला नाहीं. त्या शब्दाला तिनें चिठ्ठीचें किंवा धातूच्या गोळ्याचें रूप दिलें, आणि तो गोळा कड्यांत अडकवून इंजिनवाल्याच्या हातीं दिला. गोळा हातीं नाहीं तोंवर गाडी हलावयाची नाहीं. आकाशांत असा गोळा देतां येत नाहीं. तेथें शब्दालाच गोळ्याचें काम करावें लागतें. म्हणून तो गोळ्यासारखाच घट्ट, वजनदार आणि एकाच खांचेंत बसणारा असावा लागतो.

प्रारंभीं आकाश मुकेंच होतें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस पहिलें टपाल घेऊन आले, तेव्हां त्यांच्या ‘पस मॉथ’ विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें, आणि वाट दाखविणारें कांहीं साधन जमिनीवरहि नव्हतें. त्यापूर्वीं पहिल्या महायुद्धांत तोफांचा नेम वरून पाहणारे वैमानिक मोर्सच्या संकेतांनीं खालीं बातमी पाठवीत. पण त्यांच्या विमानांत ऐकण्याचें यंत्र बहुधा नसे, आणि खालच्या सैनिकांना जमिनीवर कापडाचे पट्टे पसरून उत्तर द्यावें लागे. एकानें बोलावें आणि दुसऱ्यानें खुणा कराव्यात, असें तें अर्धवट संभाषण होतें. पुढें बिनतारी यंत्रावरून मानवी आवाज जाऊं लागला, आणि १९२० नंतरच्या दशकांत लंडनजवळील क्रॉयडन व पॅरिसजवळील ल बूर्जे या तळांमधील मार्गावर विमान आणि तळ यांचें खरें दुतर्फी बोलणें रूढ झालें.

मात्र हें दुतर्फी बोलणें आपल्या दूरध्वनीसारखें नव्हे. एका टापूंतील सर्व विमानें आणि त्यांचा नियंत्रक एकाच लहरीवर बोलतात व ऐकतात. बोलण्याची कळ दाबली कीं आपलें ऐकणें थांबतें. आणि दोघांनीं एकाच क्षणीं कळ दाबली तर दोन लहरी एकमेकींत मिसळून इतरांना केवळ शिट्टीसारखा कर्कश आवाज ऐकूं येतो. म्हणून ‘ओव्हर’ हा शब्द आला : माझें संपलें, आतां तुम्ही बोला. ‘आउट’ या शब्दाचा अर्थ निराळा : माझें संपलें, आणि उत्तराची अपेक्षा नाहीं. चित्रपटांतील वैमानिक हे दोन्ही शब्द एका दमांत उच्चारतो, तेव्हां तो ‘बोला’ आणि ‘बोलूं नका’ असें एकदमच सांगत असतो!

संकटाची हांक क्रॉयडनच्याच मार्गावर जन्मास आली. जहाजांसाठीं १९०६ च्या बर्लिन परिषदेनें एस्-ओ-एस् ही खूण ठरविली होती. तीन ठिपके, तीन रेघा आणि पुन्हां तीन ठिपके ही मोर्समधील चाल कोणाच्याहि कानाला चटकन् ओळखूं येते. पण तींच अक्षरें तोंडानें उच्चारलीं तर यंत्राच्या खरखरींत सकार विरून जातो. १९२३ च्या सुमारास क्रॉयडन येथील बिनतारी-अधिकारी फ्रेडरिक स्टॅन्ली मॉकफर्ड यांनीं ‘मेडे’ हा शब्द सुचविला. त्या मार्गावर इंग्रज आणि फ्रेंच या दोघांचीहि ये-जा असे. फ्रेंचांच्या कानाला तो ‘मला मदत करा’ अशा अर्थाच्या त्यांच्या शब्दांसारखा वाटे, आणि इंग्रजांच्या जिभेला तो सोपा होता. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेनें त्याला जगाची मान्यता दिली. हा शब्द ओळीनें तीनदां उच्चारावयाचा असतो. त्यांत मंत्रासारखें कांहीं नाहीं. एकदां कानीं पडलेला शब्द दुसऱ्याच एखाद्या वाक्याचा तुकडा वाटूं शकतो, तीनदां पडलेला वाटत नाहीं, इतकेंच. जीवावर बेतलें नसून केवळ अडचण असेल तर ‘पॅन-पॅन’ म्हणावयाचें. त्याचें मूळ ‘बिघाड’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांत आहे.

आतां सर्वांत प्रसिद्ध शब्दाकडे वळूं. ‘रॉजर’ हें वस्तुतः माणसाचें नांव. तारायंत्रावरील मंडळी संदेश पोंचल्याची खूण म्हणून ‘पोंचला’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर, म्हणजे ‘आर्’, पाठवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं अक्षरें तोंडानें सांगतांना प्रत्येकाला एकेक नांव दिलेलें होतें, आणि ‘आर्’चें नांव रॉजर होतें. म्हणून ‘पोंचला’ म्हणावयाच्या ऐवजीं वैमानिक ‘रॉजर’ म्हणूं लागले. पुढें अक्षरांचीं नांवें बदललीं, ‘आर्’चा रोमिओ झाला, तरी रॉजर आपल्या जागीं राहिला. ज्या अक्षराचा तो मुखत्यार होता तें अक्षर दुसऱ्याच्या हवालीं गेलें, आणि मुखत्यार मात्र स्वतःच्या नांवानें नांदूं लागला!

या शब्दाचा नियमांतील अर्थ फार मर्यादित आहे : तुमचें सगळें बोलणें मला पोंचलें. ‘हो’ नव्हे, ‘मान्य’ नव्हे, ‘करतों’ हि नव्हे. ‘ऐकलें, समजलें, आणि तसें करतों’ यासाठीं ‘विल्को’ हा वेगळा शब्द आहे. ‘मी आज्ञेप्रमाणें करीन’ या इंग्रजी शब्दांचा तो संक्षेप होय. प्रश्नाचें होकारार्थी उत्तर यासाठीं ‘अफर्म’ हा तिसरा शब्द आहे. तोहि मुद्दाम आंखूड ठेवलेला आहे, कारण त्याच्या लांब रूपाचें शेपूट आणि नकाराच्या ‘निगेटिव्ह’चें शेपूट एकसारखें आहे, आणि खरखरींत डोकें गळून शेपूटच तेवढें ऐकूं आलें तर हो आणि नाहीं यांत भेद राहत नाहीं.

मराठी वाचकाला हा भेद नीट उमगावा म्हणून आपल्याच घरांतील एक रीत आठवावी. गोष्ट सांगणाराला ऐकणारानें हुंकार द्यावयाचा असतो. त्या ‘हं’चा अर्थ काय? मी जागा आहें, ऐकत आहें, पुढें सांग, एवढाच. राजानें राक्षस मारला यावर ऐकणाराचा विश्वास बसला, असा त्याचा अर्थ नव्हे. पण हाच ‘हं’ आपण कामाच्या बोलण्यांत आणतों. ‘उद्यां येशील ना?’ ‘हं.’ ‘पैसे पाठव.’ ‘बरें.’ हें ‘बरें’ म्हणजे ऐकलें, कीं कबूल केलें, कीं टाळलें? बोलणारा पहिला अर्थ मनांत धरतो, ऐकणारा दुसरा धरतो, आणि तिसरा अर्थ आठ दिवसांनीं उघडकीस येतो. गृहस्थी संभाषणांत ही संदिग्धता एक प्रकारची माया आहे. तिच्यामुळें कोणी दुखावत नाहीं. आकाशांत ती चालत नाहीं. रॉजर हा शुद्ध हुंकार आहे, आणि विल्को हें वचन आहे. या दोहोंमध्यें भिंत घातली, हें या बोलीचें खरें कर्तृत्व होय.

अक्षरांचीं नांवें ठरविण्याचें कामहि असेंच कष्टाचें झालें. इंग्रजी वर्णमालेंतील बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही हीं सारीं एकाच ईकारांत संपतात, आणि अंतरावरून एकमेकांसारखीं वाटतात. शिवाय हीं नांवें केवळ इंग्रजाच्या जिभेला सोपीं असून भागत नाहीं. म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान-वाहतूक संघटनेनें माँट्रियल येथील भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाँ-पॉल विने यांच्या साहाय्यानें इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश या तिन्ही भाषांना परिचित असे शब्द शोधले, निरनिराळ्या राष्ट्रांतील लोकांकडून ते म्हणवून व ऐकवून पाहिले, आणि कांहीं शब्द बदलून १ मार्च १९५६ पासून आजची आल्फा, ब्राव्हो, चार्ली ही माला कायम केली. या परीक्षेचें मोल मराठी माणसाला सहज पटावें. आपण लिहितांना ‘व्ह’ आणि ‘व’ असा भेद करतों, पण बोलतांना तो पुष्कळदां पुसला जातो. ‘व्हिक्टर’ आणि ‘व्हिस्की’ अशीं नांवें दिल्यावर मात्र उच्चार कसाहि झाला तरी घोंटाळा होत नाहीं. भारतीय विमानांच्या अंगावर ब्रिटिश अमदानींत वांट्यास आलेलीं व्ही आणि टी हीं दोन अक्षरें आजहि आहेत. तीं सर्वत्र ‘व्हिक्टर टँगो’ म्हणून ओळखलीं जातात.

आंकड्यांचेंहि तसेंच. इंग्रजींतील पांच आणि नऊ यांचा स्वर एकच. म्हणून नवाला ‘नाइनर’ असें शेपूट जोडलें आणि पांचाला ‘फाइफ’ केलें. संख्या बहुधा एकेक आंकडा सुटा करून सांगतात. सदुसष्ट आणि अडुसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांनीं ज्यांना बाजाराच्या गलक्यांत फसविलें आहे, त्यांना या सावधगिरीचें कारण समजावून सांगण्याची गरज नाहीं.

येथवरचे शब्द खरखरीवर तोडगा म्हणून आले. पण आवाज स्वच्छ असूनहि शब्द फसवूं शकतो, हा धडा २७ मार्च १९७७ रोजीं कॅनरी बेटांतील तेनेरिफ येथें मिळाला. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्ब फुटल्यानें अनेक विमानें तेनेरिफच्या लहान तळावर उतरलीं होतीं, आणि दाट धुकें पसरलें होतें. डच कंपनीचें प्रचंड विमान धावपट्टीच्या टोंकाशीं उभें होतें. अमेरिकन कंपनीचें तसलेंच विमान त्याच पट्टीवरून अजून चालत येत होतें. मार्गाविषयींची सूचना म्हणून दाखवून डच वैमानिकानें शेवटीं ‘आम्ही आतां उड्डाणावर आहों’ अशा अर्थाचे शब्द उच्चारले. नियंत्रकाला वाटलें, विमान उड्डाणाच्या जागीं तयार उभें आहे. वस्तुतः तें धावूं लागलें होतें. नियंत्रक प्रथम ‘ओके’ म्हणाला आणि मग थांबण्यास सांगूं लागला. त्याच क्षणीं अमेरिकन वैमानिकानेंहि ‘आम्ही अजून पट्टीवर आहों’ हें सांगण्यासाठीं कळ दाबली. दोन लहरी मिसळल्या, आणि डच विमानांत स्पष्ट असा तेवढा ‘ओके’ पोंचला. पुढची शिट्टी झाली. ५८३ माणसें मेलीं. त्यानंतर नियम झाला कीं ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देतांना वा ती रद्द करतांनाच उच्चारावा. इतर वेळीं ‘डिपार्चर’ म्हणावें. एका शब्दाला सामान्य व्यवहारांतून उचलून एकाच क्षणासाठीं राखून ठेवलें, देव्हाऱ्यांतील भांडें स्वयंपाकांत वापरूं नये तसें.

दुसरा धडा भिडेचा आहे. २५ जानेवारी १९९० रोजीं कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेलें विमान गर्दी व वाईट हवा यांमुळें आकाशांत घिरट्या घालीत राहिलें. इंधन संपत आल्याचें वैमानिकांनीं सांगितलें, ‘प्राधान्य द्या’ असेंहि म्हटलें. पण ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ हा ठराविक शब्द त्यांनीं उच्चारला नाहीं. नियंत्रकांच्या कानीं विनंति पडली, आकांत पडला नाहीं. इंधन संपून विमान कोसळलें, आणि १५८ पैकीं ७३ जण मृत्यू पावले. भीड ही भिकेची बहीण, असें आपल्याकडे म्हणतात. येथें ती मृत्यूची झाली. वैमानिकांच्या बोलींत ‘अनेबल’ म्हणून एक शब्द आहे : मला हें शक्य नाहीं. नियंत्रकाची सूचना पाळण्यांत धोका असेल तर वैमानिकानें तो निःसंकोच उच्चारावा, अशी अपेक्षा असते. नकाराला इतका स्वच्छ, अपमानरहित शब्द देणें, ही गोष्ट ज्या समाजांत वडीलधाऱ्याला ‘नाहीं’ म्हणतांना जीभ अडखळते त्या समाजानें विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे.

तिसरा धडा आपल्याच देशांतील. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांतील चरखी दादरीच्या आकाशांत सौदी अरेबियाचें वर चढणारें आणि कझाकस्तानचें खालीं उतरणारें अशीं दोन विमानें एकमेकांवर आदळलीं व ३४९ माणसें मेलीं. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर थांबण्यास सांगितलें होतें. तें चौदा हजारांवर, म्हणजे दुसऱ्या विमानाच्या उंचीवर, उतरलें. न्यायमूर्ति रमेशचंद्र लाहोटी यांच्या आयोगानें नेमून दिलेली उंची सोडल्याचा दोष त्या विमानावर ठेवला, आणि त्याच्या वैमानिकांचें इंग्रजीचें अपुरें ज्ञान हें एक कारण नोंदविलें. त्या विमानांत नियंत्रकाशीं बोलणारा माणूस वेगळा होता, आणि विमान चालविणारे वेगळे होते. शब्द एकाच्या कानांत पोंचला. सुकाणूवरचा हात दुसऱ्याचा होता. पुढें जगांतील वैमानिक व नियंत्रक यांच्यासाठीं भाषेची परीक्षा आली, आणि ५ मार्च २००८ पासून तिचे नियम लागू झाले.

उंची, दिशा आणि धावपट्टी यांविषयींची आज्ञा वैमानिकानें जशीच्या तशी म्हणून दाखवावी, आणि नियंत्रकानें ती कान देऊन तपासावी, हा नियम या सर्वांच्या मुळाशीं आहे. तेथें नुसता ‘रॉजर’ चालत नाहीं. ही पोपटपंची नव्हे. पोपट ऐकलेलें परत म्हणतो तो कोणी तपासावें म्हणून नव्हे. वैमानिक म्हणतो तो आपली चूक पकडली जावी म्हणून. योगायोग असा, कीं विमानाची ओळख पटविणाऱ्या यंत्राला महायुद्धांत ‘पोपट’ हेंच सांकेतिक नांव होतें, आणि त्यामुळें विमानाला ओळखीचा आंकडा लावण्यास सांगतांना आजहि ‘स्क्वॉक’, म्हणजे ‘ओरड’, असें म्हणतात. ७७०० हा आंकडा लावला तर संकट, ७६०० लावला तर बिनतारी यंत्र बंद, आणि ७५०० म्हणजे विमान पळविलें जात आहे. जीभ बांधली गेली तरी आंकडा बोलतो.

हें सारें पाहिल्यावर परिभाषेविषयींचा आपला जुना वाद आठवल्याशिवाय राहत नाहीं. शिवकालीं रघुनाथ पंडितांनीं राज्यव्यवहारकोशांत फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. रघुवीर यांनीं नागपुरांत राहून, ज्या मध्यप्रांतांत तेव्हां तुमसरहि होतें त्याच प्रांतांत, संस्कृत धातूंपासून हजारों शब्द सिद्ध केले. त्यांचा प्रश्न ‘शब्द कोणाचा?’ हा होता, आणि पराधीन राष्ट्राला तो विचारण्याचा अधिकार होता. आकाशानें दुसराच प्रश्न विचारला : ‘हा शब्द चुकीचा ऐकला जाईल काय?’ या कसोटीला कुळ चालत नाहीं. रॉजर हें विशेषनाम, मेडे ही मोडकी फ्रेंच, स्क्वॉक हा पक्ष्याचा आवाज. सारीच अकुलीन मंडळी, पण कामांत चोख. मराठी परिभाषेनें परकीय शब्द घ्यावेत, असें यावरून सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें एवढेंच, कीं शब्द कोशांत जन्मला तरी कानांत वाढतो, आणि ज्यांनीं तो गलक्यांत, घाईंत, भीतींत वापरावयाचा त्यांच्या तोंडून तो तपासून घेतल्याशिवाय परिभाषा पुरी होत नाहीं. आपल्या कार्यालयांतील किती शब्द अशा परीक्षेला बसविले गेले?

तुमसरच्या पूर्वेस सुमारें साठ किलोमीटरांवर गोंदियाजवळ बिरसी येथें महायुद्धाच्या काळीं इंग्रजांनीं बांधलेली धावपट्टी आहे. आज तेथें वैमानिकांच्या शिक्षणाची संस्था चालते, आणि विमान हांकण्याबरोबरच हे शब्द घोटून घेणेंहि त्या शिक्षणाचाच भाग आहे. मोठ्या विमानांत आतां कांहीं आज्ञा आवाजाऐवजीं लेखी येऊं लागल्या आहेत. पडद्यावर अक्षरें उमटतात, आणि उत्तर कळ दाबून पाठवितां येतें. तेथें खरखर नाहीं, सकार विरत नाहीं, दोन लहरी मिसळत नाहींत. ज्या अडचणींतून हे शब्द जन्मले त्यांपैकीं पुष्कळ तेथें उरलेल्या नाहींत. तरीहि त्या उत्तरांत रॉजर, विल्को आणि अनेबल हे तिन्ही शब्द ठेवलेले आहेत. कारण खरखर यंत्रांतून गेली तरी माणसांतून जात नाहीं. ‘ऐकलें’, ‘करतों’ आणि ‘शक्य नाहीं’ या तीन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात, त्या मनुष्याला त्या एकाच ‘बरें’मध्यें गुंडाळण्याची संवय आहे म्हणून.